पांडवलेण्यांचा डोंगर ज्वालामुखी होता काय?

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागले की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्याचा निमुळता माथा पाहून एखादा चौकस मुलगा गुरुजींना विचारतो, "हा ज्वालामुखी होता का हो?" प्रश्न चांगला आहे, उत्तरही नीट द्यायला हवे.

ज्वालामुखीतून निघणारा शिलारस सगळीकडे सारखा नसतो. धिरड्याचे पातळ पीठ तव्यावर पसरते. घट्ट पिठले ताटात वाढले तर त्याचा ढीगच राहतो. शिलारसात सिलिका जास्त असली की तो असा घट्ट होतो. मग तो तोंडाशीच साचतो. वरचे कवच निवते, आतून नवा रस रेटा देतो, कवच तडकते आणि घुमट फुगत जातो. वेस्ट इंडीजमधल्या मार्तिनिक बेटावर पले पर्वताच्या उद्रेकात हे घडले. ८ मे १९०२ रोजी तापलेल्या वायूच्या नि राखेच्या लोटाने सें पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसे दगावली. पुढे विवरातल्या घुमटातून सुमारे ३०० मीटरांचा सुळका वर आला नि वर्षभरात ढासळला.

आपली गोष्ट निराळी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे पातळ शिलारस मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून वाहिला. थरावर थर बसून काळा कातळ झाला. नंतर पाऊसपाण्याने तो झिजवला. टणक थरांचे कडे राहिले, मऊ थरांचे उतार झाले. म्हणजे हा डोंगर साचून उंच झालेला नाही. भोवतालचे झिजून गेले, हा उरला.

याच आडव्या थरांत पुढे लेणी कोरली गेली. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी भिक्षूंना लेणे दान दिले. तिसऱ्या लेण्यातील त्या शिलालेखात या डोंगराचे जुने नाव आहे, त्रिरश्मी.

गुरुजी, मुलांना तिथे न्याल तेव्हा लेख दाखवाच. पण समोरच्या डोंगरांच्या पायऱ्याही मोजायला सांगा. आणि एक सांगा. पले पर्वतावर १९२९ च्या उद्रेकात पुन्हा नवा घुमट वाढला. आपल्याकडचा शिलारस मात्र केव्हाच थांबला. खडीसाठी फोडलेला डोंगर इथे पुन्हा भरून येत नाही.