भूत खोटं निघाल्याचा राग

रात्रीची वेळ. धुक्यातून एक रंगीबेरंगी व्हॅन येते, तिच्यावर फुलं रंगवलेली. आत चार तरुण मुलं आणि वासराएवढा एक कुत्रा. गाडी नेमकी एखाद्या ओसाड वाड्यापाशी नाहीतर बंद पडलेल्या जत्रेपाशी येऊन थांबते. तिथं भूत निघतं. पळापळ होते, कुत्रा मालकाच्या कडेवर चढतो, आणि वीस-बावीस मिनिटांनी भुताचा मुखवटा ओढला की आत गावातलाच एखादा प्रतिष्ठित गृहस्थ निघतो. कोणी बोटी चोरत असतो, कोणी म्युझियममधली खरी चित्रं विकून तिथं नकली टांगत असतो, कोणाला शेजाऱ्याची जमीन स्वस्तात हवी असते. पकडला गेल्यावर तो चडफडत म्हणतो की, ही आगाऊ पोरं मध्ये पडली नसती तर माझं काम फत्ते झालं असतं.

'स्कूबी डू' ही मालिका आपल्याला नव्यानं सांगायला नको. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि शाळेतून घरी येऊन दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणाऱ्या आपल्या मुलांना ती भेटली. ती मुलं आता चाळिशीच्या आसपास आली आहेत. मालिका मात्र त्यांच्याहून बरीच मोठी. मला आज बोलायचं आहे ते तिच्या प्रेक्षकांबद्दल. एका साध्या कार्टूननं तीन-चार पिढ्यांना कधी घाबरवलं, कधी खूश केलं आणि कधी चिडवलंही, त्याची हकिकत मोठी मजेदार आहे.

सुरुवात होते ती भुतापासून नव्हे, बंदुकीपासून. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. अमेरिका हादरली. अध्यक्ष जॉन्सन यांनी हिंसाचाराची कारणं शोधायला आयोग नेमला आणि त्याची नजर टीव्हीकडेही वळली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावी पेगी चॅरन आणि त्यांच्यासारख्या काही आयांनी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. शनिवारी सकाळी तिथल्या सगळ्या वाहिन्यांवर मुलांची कार्टूनं लागत. त्या काळात त्यांत 'स्पेस घोस्ट', 'हर्क्युलॉइड्स' अशा मारधाड करणाऱ्या महावीरांची चलती होती. पालकांचा ओरडा वाढला आणि वाहिन्यांनी हे महावीर एकेक करून घरी पाठवायला सुरुवात केली.

यातली गंमत अशी की, सीबीएस वाहिनीवर या मारधाडीला जागा देणारे फ्रेड सिल्व्हरमन हेच आता तिला पर्याय शोधू लागले. मारामारी नको, पण मुलं खिळून बसली पाहिजेत. त्यांच्या डोक्यात होती जुन्या रेडिओवरची 'आय लव्ह अ मिस्टरी' ही रहस्यमालिका. हॅना-बार्बेरा स्टुडिओतल्या जो रुबी आणि केन स्पिअर्स या दोन लेखकांनी गोष्ट रचली. पण सिल्व्हरमन सांगत त्याप्रमाणे, वाहिनीचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी नमुन्याची चित्रं पाहिली आणि हे लहान मुलांना फार भीतिदायक होईल म्हणून नकार दिला. म्हणजे या मालिकेचा पहिला घाबरलेला प्रेक्षक एक बडा साहेब होता! मालिका वाचवायची तर भीती पातळ करायला हवी होती. मग कोपऱ्यातला कुत्रा पुढं आणला, त्यालाच नायक केलं. त्याचं नाव सिल्व्हरमनना विमानप्रवासात सुचलं, फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटच्या गुणगुणण्यावरून.

कुत्र्याचं चित्र काढलं इवाओ ताकामोतो यांनी. स्टुडिओत ग्रेट डेन पाळणाऱ्या एक बाई होत्या. जातिवंत ग्रेट डेन कसा असतो हे त्यांनी ताकामोतोंना समजावून सांगितलं. पाठ सरळ हवी, पाय सरळ हवेत, हनुवटी रेखीव हवी. ताकामोतोंनी सगळं नीट ऐकलं आणि बरोबर उलट केलं. दुसऱ्या महायुद्धात केवळ जपानी वंशाचे म्हणून अमेरिकी सरकारनं ज्यांना तारेच्या कुंपणाआड, मँझनारच्या छावणीत ठेवलं होतं, त्यांतलेच हे एक. काही गुन्हा नसताना संशयाखाली राहिलेल्या या माणसानं पुढं मुलांना हसवणारा सगळ्यांत भित्रा प्राणी रेखाटला, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

१३ सप्टेंबर १९६९ रोजी पहिला भाग लागला. त्यात काळ्या चिलखतातला एक सरदार होता. मुलांना मालिका लगेच आवडली. वॉल्ट पेरेगॉय यांनी रंगवलेल्या पार्श्वभूमीवरची ती निळी-जांभळी रात्र, ते कुजके जिने हे सगळं खरोखरच भीती घालणारं होतं. पण कुत्रा धडपडला की मागून हशा ऐकू येई, कारण ध्वनिफितीवरचं हसू त्यात मिसळलं होतं. घाबरायचं की हसायचं हे मुलाला ठरवावंच लागू नये, अशी सोय. त्या हशामुळे पालक निश्चिंत झाले असावेत, असा माझा आपला तर्क. नक्कलही लगोलग सुरू झाली. सत्तरच्या दशकात त्याच स्टुडिओनं मुलांची टोळी आणि सोबत एक बोलणारी गाडी, एक भूत, अगदी एक शार्क मासासुद्धा घेऊन मालिका काढल्या. त्यांची नावं आज फारशी कोणाला आठवत नाहीत.

आता प्रेक्षकांच्या एका जुन्या तक्रारीकडे येऊ. भूत खोटं निघतं, हीच ती तक्रार. एवढी भीती दाखवून शेवटी माळीबुवाच? ही निराशा स्कूबीच्या वाट्याला नव्यानं आली नाही. ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडात अ‍ॅन रॅडक्लिफ या बाईंनी १७९४ साली 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' ही कादंबरी लिहिली. किल्ला, भुयारं, विचित्र आवाज, पडद्याआडचं भयंकर काहीतरी असा सगळा सरंजाम तिच्यात आहे. आणि शेवटी प्रत्येक गोष्टीचा साधा उलगडा. वाचकांनी कादंबरी डोक्यावर घेतली, पण सर वॉल्टर स्कॉट यांच्यासारख्या जाणकारानं नापसंती दाखवली. भूत उभं केलंत तर निभावून न्या, त्याचा खुलासा कशाला करत बसता, असा त्यांचा रोख होता. रॅडक्लिफबाईंच्या त्या किल्ल्यातूनच स्कूबीची गाडी निघाली आहे असं म्हटलं तर फारसं वावगं होणार नाही.

उलट बाजूनं या उलगड्याचं कौतुक करणारा प्रेक्षकही थोर मिळाला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९९५च्या 'द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड' या पुस्तकात टीव्हीवरच्या चमत्कार-मालिकांवर टीका केली, पण स्कूबीच्या बाजूनं कौल दिला. अशीच मालिका मोठ्यांसाठी असती तर ती लोकसेवा ठरली असती, असं त्यांचं मत. महाराष्ट्रात भानामतीच्या घरी जाऊन दगड कोण मारतं हे धीरानं शोधणाऱ्या कार्यकर्त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की, प्रत्यक्षातली भानामती उलगडल्यावर आत बहुतेकदा लबाड सावकार सापडत नाही. सापडतं ते घरातलंच एखादं गांजलेलं माणूस, आणि मुखवटा ओढून तिथं काम संपत नाही.

सेगन यांचं मत सर्वांना पटलं असतं तर गोष्ट इथंच थांबली असती. पण प्रेक्षक कंटाळतो. सत्तरच्या दशकाअखेर मालिकेवर बंद होण्याची पाळी आली, तेव्हा १९७९ साली स्कूबीचा चिमुकला पुतण्या स्क्रॅपी आणला. तो न घाबरता भुताच्याच अंगावर धावून जाई. त्यानं मालिका तारली, आकडे वर गेले. आणि पुढं मोठ्या झालेल्या चाहत्यांनी त्याच स्क्रॅपीचा असा काही द्वेष केला की, २००२च्या चित्रपटात त्याला थेट खलनायक करून टाकलं! संकटात धावून आलेल्या पाहुण्याला नंतर घराबाहेर काढावं तसं ते वाटतं. मला त्याची थोडी दया येते.

१९८५च्या 'थर्टीन घोस्ट्स'मध्ये भुतं खरी होती, पण फार गाजावाजा झाला नाही. गाजली ती १९९८ची 'झोम्बी आयलंड' ही व्हिडिओ-फिल्म. तिच्यात फ्रेड सवयीनं एका प्रेताचा मुखवटा ओढायला जातो आणि मुंडकंच हातात येतं. मुखवटा नसतोच. लहानपणापासून 'हा आतून माणूसच असणार' अशी खात्री बाळगून बसलेल्या प्रेक्षकाच्या पायाखालची ही सतरंजीच ओढली होती. आणि त्याला ती आवडली! अनेकांच्या लेखी हीच सर्वांत उत्तम स्कूबी-कथा. स्कॉटसाहेब असते तर समाधान पावले असते. मला स्वतःला ती पाहताना भीती वाटली, पण काहीतरी हरवल्यासारखंही वाटलं.

प्रेक्षकांचा हक्क किती चिवट असतो ते २०२३ साली पुन्हा दिसलं. चष्मेवाल्या, हुशार वेल्मावर प्रौढांसाठी निघालेल्या मालिकेत कुत्राच नव्हता. प्रेक्षक भयंकर नाराज झाले आणि दोन हंगामांनंतर, २०२४ साली, ती बंद झाली. तिच्याआधी शॅगीला आवाज देणाऱ्या केसी केसम यांनी मात्र आपला हक्क निराळ्या रीतीनं बजावला होता. ते स्वतः मांसाहार करत नसत. बर्गरच्या जाहिरातीत शॅगीचा आवाज द्यायला त्यांनी नकार दिला आणि १९९५मध्ये भूमिकाच सोडली. २००२ साली ते परतले ते शॅगी शाकाहारी होईल या अटीवर.

त्याच वर्षी आलेल्या नव्या मालिकेत मुखवटेही परतले. माझ्या भाचीची सहा वर्षांची मुलगी हल्ली हे भाग पाहते. पहिल्या पाच मिनिटांतच "तो वॉचमनच आहे" असं ती जाहीर करते. बहुधा ते बरोबर निघतं. पण हे सांगताना तोंडावर धरलेली उशी ती काही बाजूला करत नाही.