जागें झालेलें यंत्र आणि काळा पडदा

सोलापूर जिल्ह्यांतील केम हें गांव कुंकवासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील एखादा व्यापारी सायंकाळीं हिशेब लिहितां लिहितां लॅपटॉप मिटतो व गिऱ्हाइकाकडे वळतो, अशी कल्पना करावी. अर्ध्या तासानें झांकण उघडावें, तों अपुरी बेरीज जागच्या जागीं हजर! २००५ नंतर ग्रामीण महाराष्ट्रांत भारनियमनाचा जाच वाढला, तेव्हां बॅटरी जपणारी ही सोय केवळ चैनीची राहिली नाहीं. परंतु त्या काळीं पुष्कळांना निराळाच अनुभव येई. पंखा फिरे, दिवा लागे, पडदा मात्र काळाच. यंत्र गेलें असें समजून मनुष्य बटण दाबून धरी, आणि स्मृतींत सुरक्षित असलेला हिशेब त्याच्याच हातून नाहींसा होई. यंत्र जागें होतें. आंधळें झालें होतें इतकेंच.

१९९२ सालीं इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनीं 'एपीएम' ही पद्धत ठरविली, तींत निजवण्याउठवण्याचा कारभार मुख्यतः यंत्रांतील 'बायॉस'कडे होता. डिसेंबर १९९६ मध्यें तोशिबासह याच कंपन्यांनीं 'एसीपीआय' आणली व हा अधिकार विंडोज, लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीकडे गेला. 'एस-३' नांवाच्या निद्रेंत मुख्य स्मृतीची वीज चालू राहते. चित्र काढणाऱ्या चिपची वीज जाते. पडद्यावर किती ठिपके, कोणत्या वेगानें, स्मृतीच्या कोणत्या भागांतून घ्यावयाचे, हें सारें ती विसरते. नव्यानें यंत्र सुरू करतांना बायॉस तिला हें शिकवितो. निद्रेनंतर शिकविण्याचें बंधन त्याच्यावर नव्हतें. कार्यप्रणालीनें शिकवावें, तर पुष्कळ कंपन्या चिपची अंतर्गत माहिती देत नसत!

लिनक्सवाल्यांनीं मग बायॉसमधील चित्रविषयक भाग पुन्हां चालवून पाहिला. 'व्हीबीई-टूल' हा कार्यक्रम त्यासाठींच होता. कांहीं यंत्रांत तो लागू पडे, कांहींत यंत्रच गोठे. कारण तो भाग प्रारंभीं एकदांच चालावयाचा, या समजुतीनें लिहिलेला असे. कोणत्या लॅपटॉपला कोणता उपाय, याची एक यादीच लिनक्सच्या दस्तऐवजांत ठेवलेली होती. शास्त्रापेक्षां आजीबाईच्या बटव्याशीं तिचें नातें अधिक जवळचें, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं.

आणखी एक घोटाळा होता. चिपला हुकूम देणारा 'एक्स' हा कार्यक्रम लिनक्सच्या गाभ्याबाहेर असे, म्हणून निजण्यापूर्वीं गाभा पडदा साध्या अक्षरांच्या अवस्थेंत नेई. त्या निमित्तानें एक्स आपला पसारा आवरी. मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तींत इंटेलच्या चिपांची पडदा-मांडणी गाभ्यानें स्वतःकडे घेतली. रेडिऑनची पाळी त्यामागून आली. आतां आधीं चित्रकाम थांबवावें, चिपची स्वतंत्र स्मृति असेल तर तींतील चित्रें मुख्य स्मृतींत हलवावीं, मग वीज तोडावी. उठतांना चिप, तिची स्मृति, पडदा आणि शेवटीं चित्रकाम, हा क्रम एकाच हातीं आला.

अलीकडे पुष्कळ नव्या लॅपटॉपांत 'एस-३' सोडून, यंत्र वरवर जागेंच ठेवून एकेका भागाची वीज कमी करण्याची रीत आली आहे. तींत पिशवींत ठेवलेल्या यंत्राची बॅटरी झांकण मिटलेलें असतांच उतरल्याच्या तक्रारी ऐकूं येतात.