पावसाची सुट्टी आणि घरातले मूल : कांजूरच्या आगरांपासून बहुमजली इमारतींपर्यंत

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या शाळांना पावसाळ्यात दोन तऱ्हांच्या सुट्ट्या मिळतात. एक, अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे आयत्या वेळी जाहीर होणारी, जी एका दिवसापुरती म्हणून सुरू होते आणि आभाळ निवळले नाही तर दोन-तीन दिवस लांबते. दुसरी गणेशोत्सवातली, जी पंचांगावरून वर्षभर आधी ठाऊक असते, पण जिच्यातही घराबाहेर पडण्याइतकी उघडीप मिळेलच असे नाही. या दोन्ही सुट्ट्यांत चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसभर कसे रमवायचे, हा प्रश्न आजच्या कांजूरमार्गच्या घराघरांत विचारला जातो. तो सनातन वाटतो, तसा तो नाही. मुलाला रमवणे हे वेगळे, ठरवून करायचे काम आहे ही समजूत या परिसरात जेमतेम दोन-तीन पिढ्यांची आहे, आणि ती कशी रुजली हे पाहायचे तर जमिनीपासूनच सुरुवात करावी लागते.

कांजूर हे मूळचे साष्टी बेटावरचे, ठाणे खाडीच्या काठचे गाव. गावाच्या पश्चिमेला पवई-विहारच्या टेकड्या आणि पूर्वेला खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणारी खारट दलदलीची जमीन, अशी त्याची रचना. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली तेव्हा ती या गावाजवळूनच गेली, आणि या लोहमार्गाची कल्पना जॉर्ज क्लार्क या अभियंत्याला शेजारच्या भांडुपच्या भेटीत सुचली असे रेल्वेचा इतिहास सांगतो. पण त्यानंतरही शतकभर कांजूरचे अर्थकारण रुळांपेक्षा भरती-ओहोटीवर अधिक अवलंबून राहिले. खाडीलगत मिठागरे होती. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडत उन्हाने आटवायचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे खडे धरू द्यायचे, असे हे काम. दसरा-दिवाळीनंतर सुरू होणारा मिठाचा हंगाम पहिल्या वळवाच्या सरींबरोबर संपे, उरलेल्या मिठाच्या राशी झाकून ठेवल्या जात, आणि आगरातली माणसे भाताकडे वळत.

म्हणजे पावसाळा हा येथल्या आगरी-कोळी कुटुंबांना विश्रांतीचा काळ नव्हता. आषाढात लावणी आली की घरातले सगळे कर्ते हात चिखलात असत. लहान मूल एकतर आजीजवळ घरी राही, नाहीतर इरल्याखाली, म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाने विणून केलेल्या, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणाऱ्या छपराखाली, बांधावर बसवले जाई. तेथे त्याला खेळणे द्यावे लागत नसे. पहिल्या मोठ्या पावसात खाचरांमध्ये उलट्या प्रवाहाने चढणारे वळगणीचे मासे, बांधाच्या बिळातून निघणारी चिंबोरी आणि उघाडीतून, म्हणजे खारे पाणी बाहेर ठेवून पावसाचे पाणी खाडीत सोडणाऱ्या लाकडी झडपेतून, धो-धो वाहणारे पाणी, हे त्याच्या डोळ्यांसमोर चालू असे. थोडे मोठे झाले की तेच मूल टोपली धरायला उपयोगी पडे. या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात विंचू-साप होते, ताप होता, शाळा बहुधा नव्हती आणि धाकट्याला सांभाळण्यापायी मोठ्या बहिणीचे बालपण लवकर संपत असे. मात्र मुलाचा वेळ आणि मोठ्यांचा वेळ यांच्यात भिंत नव्हती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासासाठी महत्त्वाची आहे.

घरात कोंडून पडण्याचे दिवस तेव्हाही येत, आणि त्या दिवसांचे खेळ जवळजवळ फुकटात सिद्ध होणारे होते. सागरगोट्याच्या काटेरी वेलीच्या शेंगेत राखी रंगाच्या, गारगोटीसारख्या टणक, गुळगुळीत बिया मिळतात. त्यांतली एक वर उडवून ती खाली येण्याच्या आत जमिनीवरची एक, मग दोन, मग तीन अशा उचलायच्या आणि वरची झेलायची, एवढ्यावर मुली तासन्‌तास घालवत. चिंचोक्यांचा उपयोग याहून चतुर होता. चिंचोका दगडावर घासून किंवा मधोमध फोडून त्याची एक बाजू पांढरी करायची, असे चार तुकडे मुठीत खुळखुळवून टाकायचे, आणि किती पांढरे वर पडले त्यावर दान मोजायचे. कोळशाने जमिनीवर आखलेल्या पाच बाय पाच घरांच्या पटावर त्या दानाप्रमाणे बांगडीचे तुकडे किंवा कवड्या चालवायच्या. महाराष्ट्रात या खेळाची नावे गावोगाव बदलतात, नियम मात्र फारसे बदलत नाहीत. मूल त्यातून गणती शिके, हे शिक्षणशास्त्रज्ञांनी फार नंतर सांगितले; आजीला ते सांगण्याची गरज पडली नव्हती. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट, ज्याचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते, हा मात्र कापडावर वा कागदावर रंगवलेला, पाठशाळा आणि सधन वाड्यांतला पट होता. तो आगरी घरांतही खेळला जात असेल असे मानण्याला आधार दिसत नाही. तोच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोचला, तेथे छापील झाला आणि पुढे बाजारातल्या खोक्यातून मुंबईच्या उपनगरांत परत आला.

श्रावण लागला की करमणुकीचा भार धर्माचारावर पडे. श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा होते. जरा-जिवंतिकेबरोबर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि वाहनांवर बसलेले बुध-बृहस्पती अशी चार चित्रे छापलेला कागद भिंतीवर लावून आई घरातल्या मुलांना ओवाळते. वाचता न येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा कागद म्हणजे महिनाभर समोर राहणारे चित्रांचे पुस्तकच असे. त्या-त्या वाराची कहाणी सांगण्याचा रिवाजही याच महिन्यातला. या कहाण्यांमध्ये दरिद्री ब्राह्मण, आवडती-नावडती राणी, बोलणारे नाग आणि उतणारा-मातणारा माणूस यांची वर्दळ असते, घटना ठरावीक शब्दांत पुन्हा पुन्हा येतात आणि ऐकणाऱ्याच्या हातात तांदूळ दिलेले असल्याने त्याला उठून जाता येत नाही. लहान मुलाला एका जागी बसवण्याची याहून चांगली युक्ती नंतरच्या कोणत्याही बालमासिकाला साधलेली नाही.

हे सगळे बदलले ते १९५० नंतर. त्या वर्षी मुंबई महापालिकेची हद्द पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढली आणि कांजूर शहरात आले. १९५७ मध्ये ती आणखी वाढून मुलुंडपर्यंत गेली. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. विक्रोळीला गोदरेजची वसाहत आधीच आकार घेत होती. कांजूरला क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना आला, आणि कामगारांच्या वर्दळीसाठी १९६८ मध्ये भांडुप व विक्रोळीच्या दरम्यान कांजूरमार्ग स्थानक सुरू झाले. कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे बैठ्या चाळींत, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत आणि टेकडीच्या उतारावरच्या झोपड्यांत राहू लागली. घर दहा बाय बाराचे, वडील पाळीवर, आजी गावी, आणि कारखान्याच्या फाटकात मुलाला प्रवेश नाही, अशी स्थिती या परिसरात प्रथमच निर्माण झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले होते. ही संख्या आधी पन्नास होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती तीस झाली. मात्र यंत्रसामग्रीच्या कारखान्यांत कामगार मुख्यतः पुरुष असत, त्यामुळे या तरतुदीचा लाभ उपनगरातल्या बहुतेक घरांपर्यंत पोचणे अवघडच होते.

त्याची भरपाई चाळीने केली. दारे उघडी असत, आणि पावसाच्या दिवशी सामाईक गॅलरी किंवा ओटा हेच मैदान होई. वर्तमानपत्राच्या कागदाच्या साध्या, शिडाच्या, नांगराच्या होड्या पुढच्या गटारात सोडल्या जात. भिकार-सावकार, गुलामचोर आणि बदाम सात हे पत्त्यांचे डाव लहानांना घेऊन खेळता येत. व्यापाराचा पट उघडला की दुपार संपे. कॅरम मात्र पावसाशी जमवून घेत नसे. दमट हवेत फळी फुगे, बोरिक पावडरीच्या गुठळ्या होत आणि सोंगट्या अर्ध्यावर थबकत, म्हणून फळी चुलीजवळ किंवा पेटत्या दिव्याखाली शेकून घेण्याचा उपाय सर्रास केला जाई. वाचणाऱ्या घरांत मासिके येत. मराठीत मुलांसाठीच्या नियतकालिकांची परंपरा जुनी आहे: मिशनऱ्यांचा ‘बालबोधमेवा’ १८७२ मध्ये, विनायक कोंडदेव ओकांचा ‘बालबोध’ १८८१ मध्ये आणि वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. पण कामगार वसाहतीपर्यंत खऱ्या अर्थाने पोचले ते १९५२ पासून मराठीत येऊ लागलेले ‘चांदोबा’ आणि बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. ज्या एका घरात संच असे त्याच्या दाराशी चाळीतली सगळी मुले जमत, आणि ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम ही त्यांची सामाईक मालमत्ता होती.

याच काळात, मूल स्वतःच्या हातांनी काही करत असेल तर त्याला वेगळे रमवावे लागत नाही, हे तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारे काम मराठीत उभे राहिले होते. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती वापरून बालशिक्षण चालवले. चिंचोके आणि सागरगोटे अशा रीतीने शाळेत शिरले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. तरीही पालकांच्या मनात शाळा आणि घर यांची विभागणी पक्की होती. शाळेत माती चालते, घरात नाही, हा संकेत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आईच्या दृष्टीने पूर्णपणे समजण्याजोगा होता. गणपतीच्या सुट्टीत शाडूचा गोळा हाती देणे एवढीच त्याला सवलत मिळे.

पावसाची आयत्या वेळची सुट्टी ही प्रशासकीय बाब झाली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे तेथील अख्ख्या जुलै महिन्याच्या सरासरीहून अधिक, आणि असंख्य मुले शाळांत, बसमध्ये वा अनोळखी घरांत रात्रभर अडकली. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. तेव्हापासून हवामान खात्याचा इशारा, भरतीची वेळ आणि पालिकेच्या नियंत्रण कक्षातली माहिती यांवरून शाळा बंद ठेवण्याचा निर्णय घेतला जातो. या निर्णयाला नावे ठेवणाऱ्यांनी टेकडीच्या उताराकडे पाहावे: १८ जुलै २०२१ च्या पहाटे शेजारच्या विक्रोळीत दरड कोसळून घरे गाडली गेली, आणि त्याच पावसात भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरले. तेथे मुलाला रमवण्याचा प्रश्न उद्भवण्याआधी त्याला कोणत्या घरात ठेवायचे हा प्रश्न असतो.

दरम्यान कारखाने हटले. त्यांच्या जागी इमारती आणि मॉल आले, दारे बंद राहू लागली, आणि शेजारी फुकट मिळणारी देखरेख विकत घ्यावी लागू लागली. २०१३ मध्ये घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये किडझानिया सुरू झाले, जेथे मुले तिकीट काढून कामगार, डॉक्टर, वैमानिक यांची लुटुपुटूची कामे करतात. ज्या रस्त्यावर त्यांच्या आजोबांनी पाळ्या भरल्या त्याच रस्त्यावर नातवंडांनी कामाचा खेळ पैसे मोजून खेळावा, यातला विनोद बहुधा कोणाच्या लक्षात येत नसावा. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्याकडे मोबाइल आहे. २०२० आणि २०२१ हे दोन पावसाळे तर शाळेविनाच गेले, आणि जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या ‘टिलीमिली’ या मालिकेने घरातल्या वस्तू हाती घेऊन शिकण्याचे धडे दाखवले, तेव्हा ताराबाईंची बियांची आणि पानांची पेटी पडद्यावरून पुन्हा घरात आली.

सुट्टी देणाऱ्या यंत्रणेने आईवडिलांचा विचार क्वचितच केला आहे. २ जुलै २०१९ रोजी राज्य सरकारने मुंबईत सार्वजनिक सुट्टी दिली आणि १९ ऑगस्ट २०२५ रोजी शाळांबरोबर सरकारी कार्यालयेही बंद ठेवून खासगी आस्थापनांना घरून काम देण्याची विनंती करण्यात आली. एरवी आदेश शाळेपुरता असतो, आणि घरकाम करणाऱ्या, सफाईच्या, दुकानांतल्या व रुग्णालयांतल्या स्त्रियांना त्या दिवशीही कामावर जावे लागते. अतिवृष्टीत पालिकेच्या शाळा तात्पुरता निवारा म्हणून उघडल्या जातातच. त्यांतल्या, पाणी न तुंबणाऱ्या, प्रत्येक प्रभागातल्या निदान एका इमारतीत कामावर जाणाऱ्या आयांची लहान मुले दिवसभर बसू शकतील, अंगणवाडी सेविकेला त्याचा वेगळा मेहनताना मिळेल आणि ही सोय सुट्टीच्या आदेशातच नमूद होईल, एवढी मागणी पालकांनी आणि नगरसेवकांनी येत्या पावसाळ्यापूर्वी लावून धरावी.