कलम 28 आणि हवालदाराचे पोट

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला आलेल्या तरुणाची छाती टेपने मोजतात: न फुगवता 79 सेंटिमीटर, श्वास भरून आणखी 5. मग 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे, गोळाफेक. एकदा भरती झाली की शरीराची इतकी कसून पारख पुन्हा क्वचितच होते. पुढे पोट सुटते, रक्तदाब आणि मधुमेह मागे लागतात आणि लोक हवालदाराला आळशी ठरवून मोकळे होतात. हा दोष त्याच्या माथी मारण्याआधी कायदा वाचायला हवा. पोलीस सदैव कामावर आहे असे मानावे, हे 1861 च्या पोलीस कायद्याच्या 22 व्या कलमात आहे. स्वतंत्र भारतात 1951 साली मुंबई पोलीस कायदा झाला, त्याच्या 28 व्या कलमातही तेच आले. राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 च्या पहिल्या अहवालात शिपायाचे काम रोज 10 ते 16 तास चालते, असे नोंदवले.

जुने शिपाईही असेच राबत होते, मग आताच तक्रार का, असे कोणी विचारेल. जुन्या शिपायाचे मुख्य काम पायी गस्तीचे होते. पुढे जीप आली, कागदपत्रे वाढली, चौकात आणि सभास्थानी तासन्‌तास उभे राहण्याचा बंदोबस्त वाढला. चालणे गेले, तास मात्र तेवढेच राहिले. चालण्याचे मोल लंडनच्या बसवरून कळते: दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवले. व्यायाम ज्याचा त्याने करावा, हे खरेच. पण बंदोबस्तावर वडापाव आणि चहावर दिवस काढून मध्यरात्री घरी परतणाऱ्याने तो करायचा कधी? शिवाय जादा तास स्वतःच घातक आहेत. आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो, असा जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2021 चा अंदाज आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत मुंबईत 55 वर्षांवरील पोलिसांना घरी थांबायला सांगावे लागले, तसेच 52 च्या पुढच्या व्याधीग्रस्तांनाही.

माणसे कमी आहेत, ही अडचण खरी आहे. तरीही 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू करून पाहिली गेली आणि नंतर ती इतर ठाण्यांतही नेली गेली. पण अशी पाळी केवळ वरिष्ठांच्या आदेशावर उभी असेल, तर अधिकारी बदलताच मोडू शकते. ती कायद्यातच लिहावी आणि त्यासाठी विधिमंडळाने आधी 28 वे कलम बदलावे.