पिकअप कमी होणे (मोटारगाडी)

ॲक्सिलरेटर दाबूनही मोटारगाडीचा वेग अपेक्षेप्रमाणे न वाढणे, या दोषास बोलीभाषेत पिकअप कमी होणे असे म्हणतात. ओव्हरटेक करताना किंवा घाट चढताना हा दोष धोकादायक ठरतो. इंजिनात पुरेशी शक्ती निर्माण न होणे किंवा निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत न पोहोचणे, ही त्याची दोन मुख्य कारणे होत.

निदान

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसल्यास क्लच घसरत असण्याचा संभव असतो. फेरेही मंदगतीने वाढत असल्यास हवा, इंधन व ठिणगी यांची तपासणी करतात. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापत असल्यास त्याचा ब्रेक चिकटलेला असू शकतो. इंजिनाचा इशारादर्शक दिवा लागला असल्यास स्कॅनरने दोषसंकेत वाचला जातो.

दुरुस्ती

तुंबलेला एअर फिल्टर, इंधन फिल्टर आणि पेट्रोल इंजिनातील झिजलेले स्पार्क प्लग बदलणे हे अल्पखर्चाचे उपाय होत. घसरणारी क्लचप्लेट बदलावी लागते. धूर बाहेर नेणाऱ्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबल्यासही शक्ती घटते. मात्र मिसफायरमुळे न जळलेले इंधन त्यात शिरून तो अतितप्त होतो व निकामी होतो. म्हणून मूळ दोष आधी दूर न केल्यास नवा कन्व्हर्टरही खराब होतो.