वाचनाची कीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या अवश्य असत. एक कीर्द, दिवसभराचा व्यवहार ज्या क्रमाने घडला, त्या क्रमाने तीत उतरवावयाचा. दुसरी खतावणी, तोच व्यवहार तीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाचा. कीर्दीवरून आज काय घडले ते कळते. आपल्या पदरी काय उरले ते कळण्यास मात्र खतावणीच उघडावी लागते.

हल्ली वर्षारंभी ‘यंदा पन्नास पुस्तके वाचीन’ असा संकल्प सोडण्याची आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवण्याची प्रथा पडली आहे. संगणकाच्या पडद्यावर ही मोजदाद चारचौघांना दाखविताही येते. साहजिकच तिची थट्टा करणारेही पुष्कळ आहेत. पुस्तके काय नारळ आहेत मोजावयाला, असे त्यांचे म्हणणे. परंतु वाचनाचा हिशेब ठेवण्याची चाल आजची नव्हे, आणि ती पाळणारी माणसेही सामान्य नव्हती. त्यांच्या वह्या चाळून पाहिल्या, म्हणजे या थट्टेत तथ्य किती आणि अन्याय किती, याचा निवाडा करणे सोपे जाईल.

या चालीचा एक प्राचीन आणि भव्य नमुना नवव्या शतकातील आहे. फोटियस हा कॉन्स्टॅन्टिनोपलचा विद्वान गृहस्थ. इ. स. ८५८ मध्ये तो तेथील धर्मपीठावर बसला. त्यापूर्वी तो बायझंटाइन सम्राटाच्या सचिवालयाचा प्रमुख होता, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. सम्राटाच्या वकिलातीबरोबर त्याला परमुलुखात जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्याचा भाऊ तारासियस याने त्याच्यापाशी एक मागणे केले. माझ्या अनुपस्थितीत तुम्ही जे ग्रंथ वाचलेत, त्यांचा सारांश मला लिहून द्या, असे ते मागणे. ही हकीकत फोटियसने आपल्या प्रस्तावनेत दिली आहे. त्यातून पावणेतीनशेहून अधिक प्रकरणांचा ‘बिब्लिओथेका’ हा ग्रंथ सिद्ध झाला. काही पुस्तकांची बोळवण दोन ओळींत केलेली, तर काहींचा सारांश पानेच्या पाने चाललेला. लेखकाची शैली कशी आहे, तो कोठे घसरला आहे, हेही फोटियस मोकळेपणाने सांगतो.

त्याने वाचलेल्या ग्रंथांपैकी कितीतरी पुढे काळाच्या उदरात गडप झाले. क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या दरबारी होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर एक ग्रंथ लिहिला. तो स्वतः इकडे कधी आलाच नव्हता. ऐकीव गोष्टींवर त्याची सारी भिस्त. कुत्र्याच्या तोंडाची माणसे त्यातलीच. मूळ ग्रंथ आज नाही. ग्रीकांच्या कल्पनेतील हिंदुस्थान कसा होता हे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला आज मुख्यतः फोटियसच्या टिपणावरच विसंबावे लागते. भावासाठी केलेली घरगुती नोंद हजार वर्षांनी एका देशाच्या इतिहासाचे साधन झाली! फोटियसने केवळ नावांची यादी केली असती, तर क्टेसियसचे नाव तेवढे राहिले असते.

दुसरे उदाहरण चार्ल्स डार्विनचे. १८३८ पासून १८६० पर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, हा मनुष्य वाचावयाच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या याद्या नेमाने लिहीत होता. उतारवयात आत्मचरित्र लिहिताना त्या याद्या समोर आल्या, तेव्हा आपल्याच उद्योगाचे आपल्याला आश्चर्य वाटते, असे त्याने नमूद केले आहे. पण ही झाली कीर्द. तिच्यामागे त्याने खतावणीही बांधली होती. स्वतःचे पुस्तक असले, की आपल्या कामाच्या मजकुराची सूची तो त्याच्या शेवटी लिहून ठेवी. उसने असले, तर वेगळा गोषवारा करी. सुटी टिपणे विषयवार लावलेल्या तीस-चाळीस मोठ्या बासनांत जात. कोणताही विषय हाती घेण्यापूर्वी त्या सर्व सूच्या पाहून तो एक एकत्रित, वर्गीकृत सूची तयार करी. कोणत्याही दप्तरखान्याने धडा घ्यावा अशी ही व्यवस्था होती.

तथापि त्याच आत्मचरित्रात एक खंतही आहे. तिशीपर्यंत मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ, शेक्सपिअर यांत रमणाऱ्या डार्विनला पुढे कवितेची एक ओळही सोसवेना. पुन्हा जगावयास मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी थोडे काव्य वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियमच करीन, असे तो म्हणतो. एवढ्या चोख खतावणीतही एक खाते उघडावयाचे राहून गेले होते. यादी कितीही लांब असली, तरी तीत काय नाही हे ती आपण होऊन सांगत नाही. ते ज्याचे त्याने तपासावे लागते.

आपल्याकडे या वह्यांना बहर आला तो तुरुंगांत. १८ मार्च १९२२ रोजी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याजवळच्या येरवड्यास आणण्यात आले. बाहेर वाचनास सवड नव्हती, ती येथे मिळाली. त्यांनी सहा वर्षांच्या हिशेबाने अभ्यासक्रम आखला. संस्कृत, उर्दू आणि तमिळ भाषा, महाभारत, गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास, गटेचे ‘फाउस्ट’, इतकेच नव्हे तर किप्लिंगची पलटणी कविताही त्यात येऊन गेली. पन्नाशी उलटलेल्या या कैद्याने चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हुरुपाने अभ्यास मांडला होता, असे त्यांनीच पुढे लिहिले. त्यांच्या तुरुंगातील रोजनिशीत अमुक पुस्तक संपले, तमुक सुरू केले, अशा तारीखवार नोंदी आहेत. कोरडी कीर्दच ती! परंतु जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, ५ फेब्रुवारीस सुटका झाली आणि संकल्प अपुरा राहिला. सुटकेनंतर तुरुंगातील अनुभवांवर त्यांनी लेखमाला लिहिली. कोणत्या वाचनाने आपल्याला काय दिले याचा जबाब तीत आहे. सहा वर्षांचा संकल्प दोन वर्षांच्या आतच खंडित झाला खरा. पण झालेल्या वाचनाची खतावणी त्यांनी पुरी केली.

जवाहरलाल नेहरूंची कथा याहून बोलकी आहे. तुरुंगात पुस्तके येत आणि जात. जवळ संग्रह राहत नसे. म्हणून वाचलेल्या पुस्तकांतून टिपणे काढून ठेवण्याची सवय त्यांनी पहिल्या कारावासापासून लावून घेतली. वह्या साचत गेल्या. ऑक्टोबर १९३० पासून ऑगस्ट १९३३ पर्यंत त्यांनी कन्येला पत्ररूपाने जगाचा इतिहास लिहिला, तेव्हा कोठडीत ग्रंथालय कोठले? या टिपणवह्याच आपल्या मदतीला धावल्या, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे.

आणि एक वही अशी आहे, की तिच्यापुढे वरील सारा हिशेब थिटा पडतो. १२ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांना ४०४ पानांची एक कोरी वही मिळाली. मार्क्स, एंगल्स, रूसो, टॉमस पेन, व्हिक्टर ह्यूगो, उमर खय्याम अशा नाना लेखकांचे उतारे त्यांनी तीत लिहून घेतले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी फाशीची शिक्षा ठोठावली गेली. २३ मार्च १९३१ रोजी ती अमलात आली. डार्विनला पुढे ग्रंथ लिहावयाचा होता, नेहरूंना सुटकेची आशा होती. ज्याच्यापुढे फाशी उभी होती, त्या तेविशीच्या तरुणाने कोणत्या उपयोगासाठी हे उतारे काढावेत? उपयोगाची भाषाच येथे लंगडी ठरते. आपण ज्यासाठी मरणार, ते नीट समजून घेण्याचा हक्क तो बजावीत होता, एवढेच म्हणता येते.

या सर्व वह्यांत एक समान सूत्र आहे. त्या लिहिणाऱ्यांपैकी कोणीही संख्येच्या मागे लागलेला नव्हता. भावाचा निरोप घेणे, उसने पुस्तक परत करणे, कोठडीतून ग्रंथ परत जाणे, अखेर आयुष्यच हातचे जाणे, अशा कोणत्या ना कोणत्या वियोगाची चाहूल प्रत्येकाला होती. पुस्तक जाणार, म्हणून त्यातले आपले तेवढे काढून ठेवावे, ही त्या नोंदीमागची खरी बुद्धी.

सरकारी बदल्यांवर मुलूखभर हिंडणाऱ्या आपल्या वर्गाला हा वियोग सांगावा लागत नाही. मराठी पुस्तके परप्रांतात दुर्मिळ. मंडळाच्या कपाटातून आणलेली परत करावयाची, आणि स्वतःची असली तरी दर बदलीच्या वेळी सामानाचे वजन पाहून काही मागे ठेवावयाची. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवण्यातच ज्यांचे आयुष्य जाते, त्यांनी आपल्या वाचनाची एक वही बाळगण्यास काय हरकत आहे? संकल्प पन्नासाचा असो वा पाचाचा. पुस्तकाच्या नावापुढे तारखेखेरीज चार ओळी पडल्या, म्हणजे झाले. पुस्तकांची पेटी मागे राहिली, तरी ती वही सोबत येते.