दगडावर ज्याची मोजणी नाही, तो शिपाई

 

डिसेंबर लागला की आमच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी एक डबा येऊन बसतो. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्या निमित्तानं जो तो आपल्या ऐपतीप्रमाणं पैसे टाकतो आणि छोटा झेंडा पदराला लावतो. त्या झेंड्यावर तीन रंग असतात, लाल, गडद निळा आणि फिकट निळा. लाल म्हणजे भूदल, गडद निळा म्हणजे नौदल आणि फिकट निळा म्हणजे हवाई दल.

तीन वर्षांपूर्वी हा डबा फिरत फिरत आमच्यातल्या एका ताईंपाशी आला. त्यांनी वीस रुपये टाकले आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "पैसे टाकता ते चांगलंच हाय. पण आमच्या दारात येऊन कुणी कधी इचारलं न्हाय, की तुमच्या मालकांचा पाय कसा गेला."

बैठक गप्प झाली. या ताई आमच्या गटात सहा वर्षं होत्या. त्यांच्या म्हशीच्या कर्जाचे किती हप्ते राहिलेत, हे आम्हाला तोंडपाठ होतं. त्यांचे मालक फौजेतून आलेत आणि त्यांचा एक पाय कृत्रिम आहे, हेही माहीत होतं. तरी आम्ही कधीच विचारलं नव्हतं. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असं आम्ही आपलं मनाशी धरून बसलो होतो.

त्या दिवसापासून आम्ही शोधायला लागलो. जखमी होऊन आलेल्या शिपायाला आपल्या मुलखात आजवर कोणी विचारलं? पैसा कोणी गोळा केला, कशासाठी केला? आज तेच सांगणार आहोत.

सुरुवात शंभर वर्षांपूर्वीपासून करू. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. राज्य इंग्रजांचं आणि लढाई त्यांची. पण आपल्या देशातून तेरा लाखांच्या आसपास माणसं त्या युद्धाच्या कामी गेली. आपल्या भागातली पोरं फ्रान्सला गेली, आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात तर फार गेली. ७४ हजारांच्या वर माणसं परत आलीच नाहीत. आपल्या सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव तुम्हाला माहीत आहे. त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात गेले. म्हणून तर लोक त्याला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

युद्ध संपल्यावर सरकारनं कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या. चावडीपाशी नाहीतर देवळाच्या भिंतीत अशी पाटी तुम्हीही पाहिली असेल. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या शेजारच्या गावात अशी पाटी आहे. आम्ही गटातल्या पाच-सहा जणी मुद्दाम तिथं गेलो आणि ओल्या फडक्यानं ती पुसून वाचली. वाचता वाचता आमच्यातली एक जण म्हणाली, "गेले किती ते लिवलंय, मेले किती ते बी लिवलंय. आन जे हात-पाय गमावून घरी आले, त्येंचा आकडा कुठाय?"

तो आकडा पाटीवर नाहीच. मेलेल्याची नोंद झाली आणि धडधाकट परतलेला कामाला लागला. मधला माणूस मात्र कोणत्याच रकान्यात बसला नाही. एका हातानं नांगर कसा धरायचा आणि लाकडी पायावर बांध कसा चढायचा, हे त्यानं आणि त्याच्या बायकोनं मिळून निभावलं असणार.

पण सगळेच विसरले, असंही म्हणता येणार नाही. त्याच काळात मुंबईत युद्ध मदत निधीची बायकांची एक शाखा होती. त्या बायका शिपायांसाठी कपडे शिवायच्या आणि वर्गणी गोळा करायच्या. तेव्हाच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन त्या कामात पुढं होत्या. जखमी शिपाई बोटींतून मुंबईला उतरायचे. जखम भरली तरी पुढं पोट कसं भरायचं, हा प्रश्न राहायचाच. म्हणून १९१७ साली लेडी विलिंग्डन यांनी अपंग शिपायांसाठी एक शाळा काढली, तिला क्वीन मेरीचं नाव दिलं. तिथं शिपायाला शिवण, विणकाम, मोटार आणि इंजिनाची कामं असं हाताला धंदा देणारं शिक्षण मिळायचं.

ही शाळा पुढं पुण्याजवळ खडकीला आली. इंग्रज गेले, पण शाळा राहिली, आणि आजही खडकीत ती जखमी जवानांना काम शिकवते. देणग्यांवर उभी राहिलेली संस्था शंभरी ओलांडून चालते, ही लहान गोष्ट नाही. आपल्या गटाचं कर्ज आणि या शाळेचं काम यांत आम्हाला एक सारखेपणा दिसला. दोन्हीकडं माणसाच्या हातावर नुसतं दान ठेवत नाहीत. तो हात पुन्हा कमावता व्हावा, असं बघतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. सैन्यातल्या माणसाचा हात किंवा पाय गेला तर त्याला नवा बनवून द्यायचा, तो बसवायचा आणि त्यावर चालायला शिकवायचं, हे तिथलं काम. आमच्या ताईंच्या मालकांचा पाय तिथलाच.

स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या शिपायांची काळजी आपणच घ्यायची, असं ठरलं. इंग्रजांच्या वेळी नोव्हेंबरात लाल फुलं विकून निधी गोळा व्हायचा. आपल्या सरकारनं २८ ऑगस्ट १९४९ रोजी समिती नेमली. तिनं ठरवलं, की दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचा. लोकांना झेंडे द्यायचे आणि जमेल ती देणगी घ्यायची. या निधीची मुख्य कामं तीन आहेत. लढाईत जखमी झालेल्यांचं आणि शहीद झालेल्यांच्या घरच्यांचं पुनर्वसन हे पहिलं. नोकरीत असलेले जवान आणि त्यांची कुटुंबं यांचं कल्याण हे दुसरं, आणि निवृत्त सैनिकांचं कल्याण हे तिसरं. पूर्वी असे वेगवेगळे निधी होते, ते १९९३ साली एकत्र केले. आपल्या जिल्ह्यात हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बघतं.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. तेव्हा आपले यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. देशभर संरक्षण निधी गोळा होत होता आणि बायका अंगावरचं सोनं देत होत्या. आमच्या गटातल्या एक आजी तेव्हा लहान होत्या. त्या सांगतात, "आयनं पुतळ्याच्या माळंतली एक पुतळी काढून दिली. बा म्हनला, समदी माळ का न्हाय? तर आय म्हनली, बाकीच्या पोरींच्या लग्नाला हायेत." आम्हाला हे ऐकून फार बरं वाटलं. देणं हे असंच असावं. घर मोडून देऊ नये आणि कुणाच्या दबावानंही देऊ नये. आम्हीही बैठकीत सांगून टाकलंय, की ध्वजदिनाच्या डब्यात टाकलंच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही. हप्ता चुकवून देणगी द्यायची तर मुळीच नाही.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे. फौजेत होते आणि बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात अडकली आणि कमरेखालचं अंग निकामी झालं. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं आणि तिथून ते पोहायला लागले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पण त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. त्यांच्यावर सिनेमा आला तो २०२४ मध्ये. एवढं सोनं आणणाऱ्याला एवढी वाट बघावी लागली, मग ज्यानं पदक आणलं नाही, नुसता घरी परत आला, त्याला कोण विचारणार?

ज्यांचा कणा दुखावला आणि चाकाच्या खुर्चीतून उठता येत नाही, अशा जवानांसाठी १९७४ पासून खडकीत एक पुनर्वसन केंद्र आहे. तेही विश्वस्त संस्था म्हणून चालतं आणि लोकांच्या देणग्यांचा त्याला हातभार लागतो.

आता पुन्हा आमच्या ताईंकडं येऊ. त्या बैठकीनंतरच्या महिन्यात आम्ही त्यांना म्हटलं, "सांगाल का?" त्या म्हणाल्या, "मालकांना इचारून सांगते." पुढच्या बैठकीला मालक स्वतःच आले. दारापाशी खुर्चीवर बसले आणि सांगितलं. सीमेवर गस्त घालताना पायाखाली सुरुंग फुटला होता. घरी तार नाही, फोन नाही, चार दिवसांनी कळलं. ताईंच्या पोटात तेव्हा धाकटी होती. मालक म्हणाले, "दवाखान्यात मी रडलो न्हाई. गावाकडं आल्यावर एस्टीतनं उतरलो, तवा लोक बाजूला सरले, तवा रडलो."

मग ताई बोलल्या. एका दाखल्यासाठी एका कार्यालयात त्यांनी सात खेपा घातल्या. पाय घासून जखम व्हायची, ती धुताना मालक चिडायचे. रात्री झोपेत ओरडायचे. हे सगळं त्यांनी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचं झाल्यावर कोपऱ्यातल्या एका काकूंनी तोंड उघडलं. त्यांचे भाऊ कारगिलच्या वेळचे जखमी, त्यांचीही तीच तऱ्हा. सहा वर्षं शेजारी बसणाऱ्या या दोघींना त्या दिवशी एकमेकींचं कळलं.

त्या वर्षी डब्यात २,३४० रुपये जमले. रक्कम मोठी नाही. ती आम्ही कार्यालयात भरली, पावती घेतली आणि बैठकीत वाचून दाखवली. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी ठरल्या, त्या तुम्हालाही करता येतील.

एक, आपल्या गावात जखमी होऊन आलेला जवान कोण आहे, याची गटाच्या वहीत नोंद करायची. त्यांना अपंगत्वाची पेन्शन आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते का, ते विचारायचं. कागद अडला असेल तर गटातली एक जण सोबत जाईल. ताईंसारख्या सात खेपा एकटीनं घालायला लागू नयेत.

दुसरी, वर्षातून एका बैठकीत हिशोब बाजूला ठेवायचा आणि त्या घरच्या बाईला बोलू द्यायचं. तिला वाटेल तेवढंच तिनं सांगावं. नको वाटलं तर चहा पिऊन जावं. कुणी 'बिचारी' म्हणायचं नाही, हा नियम.

आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता तीन नावं आहेत. दोन आमच्या गावातली आणि एक पाटी असलेल्या त्या शेजारच्या गावातलं. पाटीवर कोरलेलं आता बदलता येणार नाही, पण वही आपली आहे, तिच्यात लिहिता येतं. तुमच्या वहीत किती नावं झाली, ते आम्हाला कळवा.

येत्या ७ डिसेंबरला पदराला झेंडा लावाल, तेव्हा जाता जाता एका दाराशी थांबा आणि विचारा, "बरं आहे ना?"

नमस्कार.